यादीतला बारावा फोटो

नाशिकचं घर सोडताना मामंजी पायरीपर्यंत आले आणि नेहमीचंच वाक्य बोलले, "पोचलात की कळवा." पण त्या जुलैअखेरीस आम्ही सरळ सौदीत, जुबैलला जाणार नव्हतो. वाकडी वाट करून तीन दिवस रोम दाखवायचं ह्यांनी कबूल केलं होतं. रिक्षात बसल्या बसल्या नऊ वर्षांच्या मुक्तानं विचारलं, "ममी, आर वी गोइंग होम नाऊ?" मी म्हटलं, "घर हे मागं राहिलं ते. आता आपण फिरायला जाणार आणि मग बाबांच्या नोकरीवर." ती रस्त्यावरची दुकानं मोजायला लागली. मला वाटलं, पटलं.

तुम्ही सगळे कधीपासून मला दोन गोष्टी विचारता. लढाई पेटली तरी आम्ही तिथं काय झक मारायला थांबलो होतो, आणि मुक्ताचा डावा हात मनगटात वाकडा का. पहिलीला मी हसून टाळते. दुसरीला सांगते, जिन्यावरून पडली. ते खोटं आहे. आज खरं लिहिते. नाशिकला राहिलात त्यांनी वाचा, आणि जुबैलच्या जुन्या मैत्रिणींनो, तुम्हीही वाचा. त्या दिवशी भिंतीपलीकडून तुम्ही बरंच ऐकलं असेल.

हे पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये शिफ्ट इंजिनिअर, त्यामुळे फिरायलासुद्धा चेकलिस्ट! विमानात त्यांनी मुक्ताला बारा गोष्टींची यादी लिहून दिली. शोधायचं तिनं, प्रत्येक गोष्टीचा एकच फोटो काढायचा. नाक तुटलेला पुतळा, नळाचं पाणी पिणारं कबुतर, पडक्या खांबावर झोपलेलं मांजर, दारात खुर्ची टाकून बसलेली म्हातारी. बारावी ओळ होती, 'घर वाटेल असं काहीतरी'. उन्हात आमचे पाय तुटले, पण पोरीनं दोन दिवसांत अकरा टिकमार्क केले. बाराव्यासाठी मी तिला नदीच्या पायऱ्या दाखवल्या, थेट गोदावरीच्या घाटासारख्या. हातगाडीवरची द्राक्षं दाखवली. ती मान हलवायची. "नो ममी, दॅट इज युअर होम." मला इतका राग आला की मी तिच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या काउंटरवर वर्तमानपत्र होतं. भाषा कळत नव्हती, पण पहिल्या पानावर रणगाडे होते. इराक कुवेतमध्ये घुसला होता. हे म्हणाले, "तुम्ही दोघी नाशिकला परत जा." मी म्हटलं, "आणि तुम्ही तिकडे एकटे? मुळीच नाही." तेव्हा झक मी मारली, त्यांनी नाही. रोलमध्ये एक फोटो शिल्लक ठेवून आम्ही तिघं जुबैलला आलो.

जानेवारीत बॉम्बफेक सुरू झाली. शाळा बंद. खिडक्यांच्या काचांना टेपच्या फुल्या, दाराच्या फटीत ओले टॉवेल, तिघांत दोन गॅस मास्क. हे तिसरा मागायला रोज ऑफिसात जात आणि रोज 'बुकरा', म्हणजे उद्या, ऐकून येत.

एका सकाळी मी पोळ्या लाटत होते. सायरन वाजायला आणि धमाका व्हायला एकच गाठ पडली. खिडकी आत आली. परातीतल्या कणकेत काचा रुतल्या, माझ्या दंडातही. हे बाहेर धावले, मागोमाग मी. आकाशातच फुटलेल्या क्षेपणास्त्राचा पत्रा कंपनीच्या बसवर पडला होता. ह्यांना रोज घरी आणून सोडणारा ड्रायव्हर स्टिअरिंगवर वाकला होता आणि त्याच्या मानेतून रक्त पायरीवर ठिबकत होतं. हे आपला शर्ट काढून त्याच्या मानेवर दाबत राहिले. तो मेलेला होता, हे मला दिसत होतं.

आणि मग माझ्या लक्षात आलं, मुक्ता कुठंय?

ती गच्चीवर होती, हातात कॅमेरा. आमच्या गच्चीवरून प्लांटची फ्लेअर दिसायची, उंच चिमणीच्या टोकावर सतत जळणारी ती ज्योत. पोरगी जन्मली तेव्हापासून तिच्या खिडकीत तीच. धमाक्यात ती विझली का, हे बघायला ती वर गेली होती. जळताना दिसली, म्हणून तिनं बारावा फोटो काढला.

प्लांटचा फोटो तिथं शांततेतसुद्धा काढायचा नसतो, आणि ही तर लढाई. जीपमधून बंदूकवाले उतरले तेव्हा हे मुक्ताला खाली आणत जिन्यातच होते. ह्यांनीच मुक्ताच्या हातातून कॅमेरा ओढला आणि त्या लोकांना म्हणाले, "माझा आहे. मी काढला." बंदुकीचा दस्ता त्यांच्या तोंडावर बसला. दोन दात पायरीवर पडले. हे खाली पडल्यावरही ते लाथा घालत होते. एकानं कॅमेरा उघडून रोल उन्हात ओढून काढला, कबुतर, मांजर, म्हातारी सगळं. ह्यांना फरफटत जीपमध्ये टाकलं आणि नेलं.

दुपारपर्यंत मी सगळ्यांना फोन केले. शेवटी सिक्युरिटीच्या चौकीवर कुणीतरी उचलला. मी ओरडले, "मुहंदिस श्रीधर! इंजिनिअर! वेन?" म्हणजे कुठंय? तो माणूस थकलेल्या आवाजात म्हणाला, "श्रीधर? खलास, मदाम. खलास." आणि फोन कट झाला.

दहा वर्षं मीच तो शब्द बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, माणसाला म्हणत होते. खलास, झालं, बास, हिशेब कर. पण त्या क्षणी माझे कान नाशिकचे झाले. आपल्याकडे माणूस खलास झाला म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

ओट्यावर लाटणं होतं. मी मुक्ताला मारलं. तिनं डोकं वाचवायला डावा हात वर केला, त्या हातावर मारलं. "तुझ्या फोटोनं बाप खाल्लास!" असं म्हणत मारलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, तरी थांबले नाही. ती रडतसुद्धा नव्हती.

दार उघडंच होतं. मागून माझं मनगट कुणीतरी धरलं. हे होते. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला, अंगात शर्ट नाही. चौकशी संपली, म्हणून सोडलं होतं. तुटक्या दातांतून म्हणाले, "खलास गं. खलास. नको मारू."

त्या संध्याकाळी हाताला प्लास्टर घालून आणलेल्या मुक्ताला मांडीवर घेऊन ह्यांनी नाशिकला फोन लावला. बातम्या ऐकून बसलेल्या मामंजींनी पहिल्याच घंटेला उचलला. ह्यांनी फक्त सांगितलं, "पोचलो, बाबा. घरी पोचलो." मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून त्या काचा फुटलेल्या क्वार्टरला घर म्हटलेलं ऐकलं.

मुक्तानं मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही. धीर होत नाही. यादी माझ्या कपाटात आहे, अकरा टिकमार्क आहेत, फोटो एकही नाही. हे जाऊन चार वर्षं झाली. मुक्ता आता रॉटरडॅमला असते. कामावरून घरी पोचली की ती रोज फोन करते आणि एकच शब्द म्हणते, "खलास, ममी." पहिल्यांदा स्पीकरवर ते ऐकून माझ्या कामवाल्या सुनंदानं हातातलं भांडं टाकलं होतं. मी फोन ठेवते, उठते आणि दाराला कडी घालते. सगळी माणसं घरात आली की घालतात, तशी.