रशियाला लवकर घरी पाठवणारे साडभाऊ

पहिलं महायुद्ध माझ्या साडभाऊंनी जेवढं मनाला लावून घेतलं आहे, तेवढं प्रत्यक्ष झारानेही घेतलं नसेल. झाराला निदान इतर कामं होती. साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, साकोलीच्या रस्त्यावर बियाणं आणि खताचं दुकान चालवतात, एकोडीला वडिलोपार्जित धानाची शेती करतात आणि या दोन्हींतून सवड काढून रशियाला महायुद्धातून बाहेर काढतात. रशिया खरोखरच युद्ध संपायच्या आधी बाहेर पडला होता, हे मी त्यांना एकदा दबकत सांगून पाहिलं. पीक पिवळं पडल्यावर औषध मागायला येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतात, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "निघाला, पण कवा? घर जळल्यावर. मी पह्यल्या हिवाळ्याची गोष्ट करून राहिलो, साडभाऊ."

त्यांचा सिद्धान्त थोडक्यात सांगता येत नाही, कारण थोडक्यात सांगायला त्यांची परवानगी नाही. तरी सारांश असा, की पहिल्या हिवाळ्यात ऑस्ट्रियावर चढ असतानाच झाराने फौज माघारी बोलावली असती, तर बाकीच्यांनाही लढण्यात राम वाटला नसता. वर्षाच्या आत सगळे आपापल्या घरी गेले असते, दुसऱ्या महायुद्धाला मग कारणच उरलं नसतं, आणि तिथून पुढे पायरीपायरीने उतरत साडभाऊ भंडारा जिल्ह्यात येतात. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला नसता, युरियासाठी रांगा लागल्या नसत्या, आणि साकोलीच्या बसस्टँडवर बसायला धड जागा असती. मधल्या पायऱ्या विचारू नयेत. मी विचारल्या होत्या, आणि माझी भंडाऱ्याची शेवटची बस गेली होती.

दुकानात आलेल्या माणसाची सुटका नसते. गिऱ्हाइकाने पोत्याचा भाव विचारला की ते आधी पोत्यात काय आहे ते सांगतात, मग ते जर्मनीत कसं शोधलं गेलं ते सांगतात, आणि जर्मनीचं नाव निघालं की पूर्वेकडून रशिया येणारच. पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांनी यावर उपाय काढला आहे. ते पायरीवरूनच म्हणतात, "भाऊ, पह्यले दोन पोते दे, मंग झार सांग." एका वर्षी मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, गावाने त्यांना व्यासपीठावर बसवलं. प्रमुख पाहुणे नेहमीप्रमाणे उशिरा येणार होते, तोवर चार शब्द बोला म्हणाले. साडभाऊंनी चारच शब्दांवर भागवलं नाही. पाहुणे आले, हार झाला, शाल झाली, नारळ झाला, फटाके वाजले, तरी साडभाऊ माइकपाशी रशियन फौज गाडीत बसवत होते. शेवटी पाहुण्यांनी स्वतःचं भाषण आटोपतं घेतलं. त्या मंडईचा एवढा फायदा अजूनही गावात आठवणीने सांगतात.

खरी कमाल शेतात आहे. साडभाऊंनी आपल्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेतांना, देशांची नावं दिली आहेत. बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, लगतची मोठी बांधी रशिया. तिच्या बाजूला पोलंड. रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, येणाऱ्या बायकांना ही नावं सोयीची वाटली. "आज पोलंडात रोवणी आहे, उद्या अर्धा रशिया होते," असं त्या डोक्यावर पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या घेऊन एकमेकींना सांगतात. आणि रशियाच्या खालच्या अंगाला धुऱ्यापलीकडे, म्हणजे मधल्या बांधापलीकडे, जी बांधी आहे, तिला ऑस्ट्रिया म्हणतात. ती साडभाऊंची नाही. ती त्यांच्या थोरल्या भावाची आहे.

वाटणी झाली तेव्हा शेत वाटलं गेलं, बोडी सामाईक राहिली. पाणी आधी वरच्या बांधीने घ्यायचं आणि मग धुऱ्याला तोंड पाडून खाली सोडायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. किती घ्यायचं आणि कधी सोडायचं, हे मात्र भाऊ बोलत असले तरच ठरतं. हे दोघे एका रोवणीत त्यावरून बोलले, ते शेवटचं. पुढचं सगळं वकिलांनी बोलायचं ठरलं. त्यांची आई तेव्हा होती. ती एक महिना धाकट्याकडे राहायची, एक महिना थोरल्याकडे. महिना सरला की लुगड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती धुरा ओलांडायची. साडभाऊ तिला तटस्थ राष्ट्र म्हणायचे, आणि आम्ही हसायचो. तीही हसायची. पुढे ती गेली, दावा राहिला.

गेल्या पोळ्याला आम्ही एकोडीत होतो. रोवणी होऊन पावसाने पाठ फिरवली होती. वर रशियात घोटाभर पाणी होतं आणि खाली ऑस्ट्रियाला भेगा पडल्या होत्या. दुपारी जेवायला बसलो, आणि साकोलीहून वकिलाचा फोन आला. साडभाऊ फोन स्पीकरवर ठेवतात, म्हणजे हात मोकळे राहतात. वकील खुशीत होता. एवढा एक आठवडा पाणी सोडू नका, म्हणाला, भाऊ आपल्या पायाने येऊन समझोत्यावर सही करतात, बोडी तुमची. फोन बंद झाला. माझ्या मेव्हणीने त्यांच्या ताटात भात वाढला आणि भिंतीकडे पाहत म्हणाली, "ऑस्ट्रिया वाळून राहिली म्हणते."

साडभाऊंनी भात संपवला, हात धुतला, फावडं उचललं. कुठे निघालात म्हणून विचारलं तर "रशियात" म्हणाले. मी मागोमाग गेलो.

धुऱ्यावर थोरला भाऊ आधीच उभा होता. त्याच्याही हातात फावडं होतं. सगळे जेवत असतील, तेवढ्यात चोरून तोंड पाडावं, असा त्याचा हिशेब दिसला. दोघे क्षणभर एकमेकांच्या फावड्यांकडे पाहत राहिले.

"मी सहीगिही करणार नाही. आधीच सांगतो," थोरला म्हणाला.

"कोणं मांगतली?" साडभाऊंनी धुरा फोडायला घेतला. पाणी आधी बिचकत आणि मग भसकन खाली उतरलं.

थोरला ते बघत राहिला. "जिंकत होता ना गा तू. काहून सोडून राहिला?"

"चढ असतानाच सोडा लागते. ऑस्ट्रियाले पाणी पायजे."

"कोन ऑस्ट्रिया?"

"तू."

सगळ्या तालुक्याला पाठ असलेली गोष्ट या एका माणसाला ठाऊक नव्हती, कारण त्याच्याशी बोलणंच नव्हतं. मग साडभाऊ धुऱ्यावर बसले, आणि थोरला बसला, आणि सिद्धान्त झारापासून सुरू झाला. माझ्या पाहण्यात तो पूर्ण ऐकून घेणारा हा पहिला श्रोता. मधल्या पायऱ्याही त्याने विचारल्या नाहीत. शेवटी फक्त म्हणाला, "पण मंग त्या झारानं काहून नाही सोडली लढाई?"

"त्याले वाटलं, आणखी थोडं थांबलो त पुरा जिंकतो."

"वकील असन त्याचा," थोरला म्हणाला.

दोघे बराच वेळ हसले. मग थोरला पाण्याकडे पाहत म्हणाला, "आपण आपली लढाई पह्यल्या हिवाळ्यात सोडली असती बाबू, त काय झालं असतं?"

साडभाऊ फावड्याच्या पात्यावरचा चिखल बोटाने काढत राहिले. "जास्त काही नाही," ते म्हणाले. "मायचं गाठोडं एकाच खुंटीले राह्यलं असतं."

पाणी ऑस्ट्रियाच्या पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत दोघे धुऱ्यावरच बसून होते.

बोडीचा दावा आता मागे घेतला आहे, वकील तेवढा नाराज आहे. थोरला भाऊ संध्याकाळी दुकानात येऊन बसतो आणि ऑस्ट्रियाची बाजू मांडतो. सिद्धान्त अजून तोच आहे, तेवढाच लांब आहे. फक्त हल्ली साडभाऊ पहिल्या हिवाळ्यापाशी आले की जरा थांबतात आणि रस्त्याकडे पाहत राहतात. पायरीवरच्या गिऱ्हाइकाला वाटतं, युरिया संपला.