सॅम्पलरला भरवलेला गूळ

जनू काय पन सांगतो. मशीन मी बिघडवली नाय. मी तिची पूजा केली. पूजा करनं हा गुन्हा हाय का? तू च्या पी ना नीट ऐक.

आपल्या बेंजो पार्टीचा तो जुना सॅम्पलर, भरलेले आवाज वाजवनारी मशीन. नाशिकच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं टाकून दिलेला, आपल्या पार्टीतल्या जनूनं जुळवून चालू केला. त्या मशीनला स्वतःचा आवाज नाय. बंद केली का सगळं विसरते. दर वेळी फ्लॉपी आत घालायची, मंग ती वाजनार. त्या फ्लॉपीत माझ्या सासऱ्याच्या तारप्याचा आवाज भरलेला. सासरा सूर्यमाळचा. आता दम लागतो, म्हाताऱ्याला फुकवत नाय. तारपा राहिला तो त्या फ्लॉपीतच.

दसऱ्याला आपन सगळ्या वाद्यांना हळदकुंकू लावतो, तसं हिला पन लावलं. नैवेद्याचा गूळ कुठं ठेवायचा? ढोलाला तोंड नाय, बेंजोला तोंड नाय, हिला हाय. वरीसभर फ्लॉपी खाते बिचारी. दिला आत सारून. मंग गोधडीत गुंडाळून ठेवली.

काल मोखाड्याला मेव्हन्याच्या पोरीची हळद. सासरा पुढंच खुर्ची टाकून बसलेला. नातीच्या हळदीत आपला तारपा वाजनार म्हनून नवा सदरा घातलेला. फ्लॉपी आत जाईना. जनू बोलला, थांब, जोर नको करू. मला कोन थांब बोललं का माझं डोकं फिरतं, तुला म्हाईत हाय. अंगठ्यानं दाबली. गेली. मंग बाहेर येईना.

मी जनरेटरवाल्याला शिव्या दिल्या. वायरी ओढल्या. जनूला बोललो, तूच कायतरी केलंस. मशीनला दोन थापट्या पन दिल्या, बैलाला देतो तशा.

जनूनं पेचकस काढला, मांडवातच खोलली. आत गूळ, कुंकू, मुंग्या. फ्लॉपी चिक्कीसारखी चिकटलेली.

जनू बोलला, "नैवेद्य दाखवायचा असतो रं. भरवायचा नसतो."

मांडव हसला. सासरा नाय हसला. वाकून आत बघितलं ना बोलला, "जावई, माझा तारपा मुंग्यांनी खाल्ला का?"

हो बोललो.

आता मशीन जनूनं पुसून चालू केलीय. फ्लॉपी मेली. पन त्याच्या घरी दुसरी हाय, तोच तारपा त्यानं कधीतरी उतरवून ठेवलेला. तो मला देत नाय. बोलतो, हा मशीनजवळ उभा राहनार असंल तर मी येनार नाय. मी काय त्याच्या दारात जानार नाय, काल लई बोललोय त्याला. आज सांजच्याला लगीन हाय. म्हातारा सकाळपासून तोच सदरा घालून बसलाय.

कप ठेव खाली. जनूकडं जा, त्याला ना फ्लॉपीला घेऊन ये. सांग, मी मशीनला हात लावनार नाय. मी जेवनाच्या पंगतीत पानी वाढीन.