दुर्वाचे चिंचोके

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — आणि ह्यांच्यापासून मी एरवी काही लपवत नाही.

मुलुंडला आमच्या घरी मी कित्येक वर्षं शिकवण्या घेतल्या. तिसरी-चौथीची मुलं. गणिताला माझा नियम एकच — हाताची घडी, तोंडावर बोट, मी एकदाच सांगणार. लिहून घ्यायचं नाही, बोटांवर मोजायचं नाही. बिल्डिंगमध्ये त्याचं केवढं कौतुक होतं! मलाही होतं. खोटं कशाला बोलू?

चौथीत दुर्वा होती. मालवणकडच्या घरातली, आई पाळणाघरात कामाला. तिला एक गोष्ट सांगा, नीट करायची. दोन सांगा, अडखळत का होईना, जमायचं. तिसरी सांगेपर्यंत पहिली गळून गेलेली असायची. 'बागेत बारा मुलं, पाच गेली, तीन आली' — इथवर येईतो बारा गायब. मग मी तिला उभी करायची. वर्षभर केली. मुलं हसायची आणि मी — मी त्यांना हसू द्यायची.

एक दिवस विचारलं, एका रांगेत दहा खांब, दर दोन खांबांमध्ये एक फट, तर फटी किती? सगळी पोरं एका सुरात म्हणाली, दहा. दुर्वा मात्र खाली बघत होती. फ्रॉकच्या घेरात दहा चिंचोके ओळीने मांडलेले, आणि त्यांच्या मधल्या जागांवरून तिचं बोट सरकत होतं.

"नऊ," ती म्हणाली. "शेवटच्या खांबापुढे कुणीच नाही ना, बाई."

कळलं मला. तिथल्या तिथे कळलं. तिच्या डोक्यात एका वेळी धरून ठेवायला जागा कमी होती, अक्कल कमी नव्हती. कमी पडणारी जागा तिने स्वतःच शोधली होती — मांडीवर. आणि मी काय केलं? लबाडी म्हणून चिंचोके काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. चिंचोक्यांचं लेकीने घरी सांगितलं असणार. दारातच उभी राहून तिने हळूच विचारलं, "बाई, चिंचोके घेऊन तरी जमतं का हो हिला?"

एवढंच. हो म्हणायला काय लागत होतं? पण हो म्हटलं असतं, तर वर्षभर तिला उभी का केली, हेही सांगावं लागलं असतं.

"नाही हो," मी म्हणाले. "तरीही नाही."

दुर्वा तिथेच वाकून चपला घालत होती. तिने वर माझ्याकडे पाहिलं. आपलं नऊ बरोबर होतं, हे तिला ठाऊक होतं का? की मी नाही म्हटलं म्हणून तिनेही ते चुकीचंच धरलं? उगाच पोरीला त्रास नको, म्हणून आईने तिची शिकवणी बंद केली. मला सुटल्यासारखं वाटलं. याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

गेल्या महिन्यात दुर्वा औषधाच्या दुकानात भेटली. बरोबर तिची लेक, आठ-नऊ वर्षांची. दुर्वा माझ्या पाया पडली. मग लेकीच्या डोक्यावर टपली मारून हसत म्हणाली, "ही पण माझ्यासारखीच ढ हो, बाई. गणित डोक्यात राहतच नाही."

ती पोर माझ्याकडे बघत होती.

चिंचोके अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत. एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. मी पोरीच्या गालाला हात लावला, हसले, आणि गोळ्या घेऊन घरी आले.