लाल खोकी, पांढरी खोकी

दांडी गावच्या वैभवीला कारखान्यात लागून पाच वर्षं झाली, पण हात अजून मासळीचाच होता. लग्न होऊन आली तेव्हा सासूने, गोजराबाईने, तिला पापलेट निवडायला बसवलं होतं. मोठी, चकचकीत बड्या गिऱ्हाइकाला. उरलेली गावच्या बाजाराला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. वैभवीची बोईसरच्या एमआयडीसीत जाऊनही गेली नाही.

तिथे ती ब्रेकची पॅडं खोक्यात भरायची. एकाच विलायती कंपनीच्या दोन स्पोर्ट्‌स कारना ती लागायची. एक दोन माणसांची, जमिनीला चिकटून पळणारी, भलती महाग; दुसरी तिची जरा स्वस्तातली बहीण. महागडीला लाल खोकं, दुसरीला पांढरं. सुपरवायझर दिग्विजय साताऱ्याकडचा. त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की वरचा पत्रा वेगळा, नाव वेगळं, किंमत तर विचारूच नका. पण खाली दोघींचं सस्पेन्शन तेच आणि ब्रेकही तेच. पॅडमध्ये तीळभर फरक नाही. वैभवीने मान डोलावली आणि मनावर काही घेतलं नाही. एवढ्या पैशाच्या गाडीला कुणी तसलाच माल घालतं का?

टेबलावर पॅडचे दोन ट्रे असत, एक लाल खोक्यांचा, एक पांढऱ्यांचा. पांढऱ्यांच्या ट्रेमध्ये रंग छान बसलेलं पॅड दिसलं की ती ते गुपचूप लाल खोक्यात घालायची आणि तिकडचं डागाळलेलं इकडे आणायची. यात आपण कंपनीची अब्रू राखतो असं तिला मनापासून वाटायचं. दिवाळीनंतर तिला कायम करायचं ठरलं होतं, तेही याच हाताच्या गुणाने, अशी तिची समजूत.

मग एक दिवस दिग्विजयने सगळ्यांना बोलावलं. पांढऱ्या खोक्यांच्या एका घाण्याला, म्हणजे एका वेळी भाजलेल्या मालाला, भट्टीची उष्णता कमी पडली होती. पॅडचा वरचा थर लोखंडी पट्टीला नीट चिकटला नव्हता. जोरात ब्रेक दाबला तर सुटून आला असता. वरून पाहून काहीच कळत नव्हतं. घाण्याचा नंबर खोक्यावर असतो, पॅडवर नसतो. त्या नंबरची पांढरी खोकी बाजूला काढली. लाल खोकी उद्या सकाळी ट्रकने बंदरावर जायची होती.

त्याच घाण्यातली देखणी पॅडं वैभवीने लाल खोक्यांत घातली होती. कुठल्या खोक्यांत, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. सांगावं तर कायम होणं गेलं, कदाचित नोकरीही. ती मूग गिळून घरी आली.

संध्याकाळी वाळत घातलेले बोंबील काढताना तिने सासूला सगळं सांगितलं. गोजराबाईला गाडीतलं कळत नव्हतं, निवडण्यातलं कळत होतं. तिने हातातला बोंबील नाकाशी नेला.

"मावरं नासलं तं वास तरी येते," ती म्हणाली. "गिऱ्हाईक खात नाय, आपल्याला शिव्या घालून जाते. तुज्या या मालाला वास हाय का?"

सकाळी ट्रकमध्ये खोकी चढत होती, तेव्हा वैभवी दिग्विजयपुढे जाऊन उभी राहिली आणि सगळं बोलली. त्याने आधी ट्रक थांबवला. मग तो चिडला, आणि ते बरोबरच होतं.

"ताई, दोन्ही माल एकच आहे, हे मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं, सर. मला खरं वाटलं नाय."

भरलेला सगळा माल पुन्हा उघडावा लागला. वैभवीचं कायम होणं गेलं. नोकरी तेवढी राहिली, तीही दिग्विजयने वर रदबदली केली म्हणून. ती घरी येऊन पोटभर रडली.

आता टेबलावर एका वेळी एकच ट्रे येतो आणि खोकी सगळी कोरी असतात. लाल किंवा पांढरी पट्टी पुढच्या टेबलावर चढते. कुठलं पॅड कुठल्या गाडीला जाणार, वैभवीला कळत नाही. सुरुवातीला डागाळलेलं पॅड दिसलं की हात सवयीने ते बाजूला करायला जाई. पण बाजूला ठेवून ते देणार कुणाला? आता ती हातात येईल ते पॅड फडक्याने स्वच्छ पुसते आणि लाल खोक्यात ठेवायची तसंच जपून ठेवते.