बांधावरचा भात

नवरा गेला तेव्हा त्याला आम्ही आमच्याच शेतात, बांधावरच्या बाभळीजवळ पुरलं. परभणीहून पाळक आले, प्रार्थना झाली, आठवड्याभरात सिमेंटचा क्रूसही बसवला. झरीजवळच्या आमच्या गावाला माणूस पुरणं नवीन नव्हतं, क्रूस नवीन होता. त्या घरात बाप्तिस्मा घेतलेला तो एकटाच. मी जन्माचीच ख्रिस्ती, परभणीत वाढलेली. लग्नाच्या वेळी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूने, आधी आकांत केला, मग माझ्या हातचं वरण खाल्लं आणि विषय संपवला. त्यांचे देव देवळीत, माझी प्रार्थना माझ्या खोलीत. इतक्या वर्षांत आमची भांडणं झाली ती भाजीतल्या मिठावरून.

दहाव्याला मात्र त्या हटून बसल्या. "त्यो तुमच्या देवाचा आसंल, पन आधी माझ्या पोटचा हाय," म्हणाल्या. मी अडवलं नाही. दिराने क्रूसाजवळ भाताचा पिंड ठेवला आणि आम्ही सगळे लांब उभे राहिलो. पिंडाला कावळा शिवला की जीव सुटला असं धरतात. नाही शिवला तर काहीतरी इच्छा राहिली, मग कोणीतरी मोठ्याने वचन द्यायचं. वचनं झाली. लेकीचं शिक्षण पुरं करू. तुझं मोटार वायंडिंगचं दुकान चालवू. आईचं औषधपाणी बघू. कावळा काही आला नाही.

येणार तरी कुठून? रस्ता रुंद केला तेव्हा कडेचे लिंब आणि चिंचा गेल्या, त्यांच्यामागे कावळेही गेले. आता गावात कावळा दिसला तर पोरं बोट करून दाखवतात. मी हे म्हणाले, पण कोणी मनावर घेतलं नाही. दीर माझ्याकडे वळला.

"वैनी, दादाचा जीव तुमच्यात अडकलाय. प्रार्थना सोडते म्हना एकदा. नुस्तं म्हनायचं, पुढचं पुढं बघू."

दीर वाईट माणूस नाही. पण सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. मला राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती, तीही सांगून टाकते. मी नाही म्हणाले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला, मंडळी जेवली. आत्याबाई जेवल्या नाहीत.

त्या दिवसापासून त्या रोज सकाळी पानावर मूठभर भात घेऊन बांधावर जायच्या आणि ऊन चढेपर्यंत बसायच्या. घरी आल्यावर चतकोर भाकरी. सोयाबीन निघालं, हरभरा पेरला, त्यांच्या हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायला लागल्या. झरीच्या डॉक्टरने तपासून रोग काही नाही म्हणून सांगितलं. मला दिसत होतं, अशाने ही बाई मुलाच्या मागे जाणार.

आणि कडी वाजायची. नवरा दुकानातून यायचा तेव्हा हातात सामान असायचं, म्हणून फाटकाची कडी तो पायाने उडवायचा. ती दोनदा वाजायची, एकदा जोरात, एकदा हळू. दुसऱ्या कोणाच्या हाताने ती तशी वाजली नाही. आता दिवेलागणीला तीच कडी तशीच वाजायची. आत्याबाई माझ्याकडे बघायच्या. "ऐकलंस? त्यो अजून घरातच हाय."

तो प्रभूजवळ आहे हे मला माहीत होतं, आणि कडी मी ऐकली होती. दोन्ही एकाच डोक्यात घेऊन मी भाकरी थापायची. माणूस गेला, लेक नांदेडला शिकायला गेली, दुकानाला कुलूप, रस्त्याची झाडंसुद्धा जागेवर राहिली नव्हती. राहिली होती ती सकाळची प्रार्थना. आईने लहानपणी पाठ करून घेतलेलं स्तोत्र, तीच चटई, तोच कोपरा. कित्येकदा मन नसायचं, नुसते ओठ हलायचे, पण तेवढ्यावर दिवस उभा राहायचा. येशूने कावळ्यांकडे बघायला सांगितलं आहे. ते पेरत नाहीत, साठवत नाहीत, तरी देव त्यांना खाऊ घालतो. मी देवावर चिडायची, की बाबा, निदान बघायला तरी एक ठेवायचास.

एके दिवशी भावाचा फोन आला. परभणीला ये म्हणाला, तिथे आपली माणसं आहेत, रविवारची उपासना आहे, त्या गावात कशाला राहतेस? बघते, म्हणाले मी. आत्याबाई उंबऱ्यात होत्या.

दुसऱ्या सकाळी त्यांना चालवेना म्हणून मी सोबत गेले. त्यांनी भात ठेवला आणि क्रूसावर हात टेकून मातीशी बोलायला लागल्या.

"बाबा, ही भावाकडं जायली रे. तू गेलास, आता ही जायली. मी कोनाच्या तोंडाकडं बघू? ही ऱ्हाते म्हनल्याबिगर तू कावळा धाडू नको."

मग कळलं, अडकलेला जीव कोणाचा होता. दिराला कळलं नव्हतं, आणि मलाही.

मी गुडघे टेकले. त्यांच्यासमोर मोठ्याने प्रार्थना मी कधी केली नव्हती. प्रभू, म्हणाले, ही माझी आई आहे. हिला सोडून मी कुठे जाणार नाही. मला हिच्याजवळ टिकव. बाकी शब्द सुचलेच नाहीत. मी मनसोक्त रडले. नवरा गेल्यापासूनचं सगळं तिथे बाहेर आलं.

आम्ही वाट बघितली. आभाळ रिकामंच होतं. बऱ्याच वेळाने आत्याबाईंनी पान उचललं, गार भाताचा गोळा मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"कावळा न्हाई तं न्हाई. आपूनच खाऊ."

पिंडाचा भात कोणी खात नाही. आम्ही खाल्ला.

त्या संध्याकाळी मी दोन ताटं वाढली. पहिला घास घेतला आणि फाटकाची कडी वाजली, एकदा जोरात, एकदा हळू. माझा हात तसाच राहिला. आत्याबाईंनी मान वर केली नाही.

"वारं आसंल. जेव."

परसातल्या शेवग्याचं पानसुद्धा हलत नव्हतं. मी जेवले.