हवालदारांचा उजेड

नाटक संध्याकाळी साडेसहाला असलं, तरी हवालदार दुपारी दोनलाच येत आणि रिकाम्या रंगमंचावर उताणे पडून राहत. कॅमेरा छातीवर. छपराच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा उतरायचा, त्यात धूळ तरंगायची. तो पट्टा सरकत सरकत प्रयोगासाठी मांडलेल्या मधल्या खुर्चीवर येईपर्यंत ते हलत नसत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसाला घेरी आली. पाणी घेऊन धावले, तर हळूच म्हणाले, "थांबा बाई, खुर्ची आता जागी व्हतीय."

ते आटपाडीकडचे, मेंढरांमागं वाढलेले. फौजेतली हवालदारी संपवून आल्यावर त्यांनी सांगलीत छोटा स्टुडिओ टाकला होता. लग्नांच्या फोटोंवर पोट चाले; नाटकाचे फोटो निव्वळ हौस. मी शाळेत मराठी शिकवायची आणि आमच्या हौशी मंडळात आईच्या भूमिका करायची.

फ्लॅश त्यांनी कधी वापरला नाही. "उजेड हाकून आणायचा नसतो," म्हणत, "त्यो आपल्या पायानं येतो." त्यामुळे त्यांच्या फोटोंत निम्मा अंधारच असे. नायकाचं काम करणारे वकील यावर चिडत. त्यांना सगळी मंडळी ओळीत, समोरून हवी असत. हवालदार तसा एक फोटो निमूट काढून देत आणि विंगेत जाऊन बसत. तिथून मग अर्धीच मिशी चिकटवलेला राजा आरशात सापडे, पडद्याची दोरी धरलेले हात सापडत, रंगमंचाच्या उजेडात न्हालेली पहिली रांग सापडे. एका फोटोत तर नाचणारी मुलगी उमटलीच नव्हती. धुरासारखी तिची ओढणी तेवढी हवेत राहिली होती.

एकाहत्तरच्या लढाईला तीन-चार वर्षं झाली असतील. आम्ही बसवत होतो त्या नाटकात मुलगा लढाईत गेल्याचं आईला कळतं. मी हंबरडा फोडायची आणि तो खोटा वाटायचा. प्रयोग चार दिवसांवर आला होता. दिग्दर्शकांनी माझ्याजागी दुसरी बाई बघायचं ठरवलं आणि ते सगळ्यांदेखत सांगितलं. मी मान खाली घालून बसले.

तालमीत कधी न बोलणाऱ्या हवालदारांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि सांगायला लागले. लढाईनंतर सुट्टीवर येताना एका मेलेल्या सोबत्याचं सामान घेऊन ते पाटणजवळच्या त्याच्या गावी गेले होते. तार त्यांच्या आधी पोचली असेल असं त्यांना वाटलं होतं. ती पोचली नव्हती. त्यांनाच सांगावं लागलं.

"म्हातारी रडली न्हाई," ते म्हणाले. "आदी पदर नीट केला. मग मला म्हनली, जेवून जा."

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "कॅमेरा गळ्यातच हुता. हात न्हाई लावला. खऱ्या दुःखाचा फोटू काढू नये, बाई. म्हणून तर हितं येतो."

भूमिका शेवटी माझ्याकडेच राहिली. प्रयोगात मी पदर नीट केला. बातमी घेऊन आलेल्या नाटकातल्या शिपायाला म्हणाले, "जेवून जा." वाक्य संहितेत नव्हतं. सगळं थिएटर श्वास रोखून बसलं. विंगेतून कॅमेऱ्याचा आवाज येईल म्हणून माझा एक कान तिकडे होता. तो आला नाही. नंतर विचारलं, तर म्हणाले, रोल संपला होता. त्यांच्या खिशात दोन कोरे रोल मला दिसत होते. मी पुन्हा विचारलं नाही.

पुढे त्यांचा गावाकडचा भाऊ वारला, तेव्हा स्टुडिओ बंद करून ते गावी परतले. दोन वर्षांनी आटपाडीच्या जत्रेत आम्ही एक विनोदी नाटक केलं. दिवेलागणीला पडदा वर गेला आणि पहिल्याच रांगेत ते दिसले, मोकळ्या हातांनी. पोरंसोरं हसत होती तसेच हसत होते. हसताना त्यांच्या डाव्या गालाला खळी पडते, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

प्रयोग संपल्यावर कॅमेऱ्याचं विचारलं.

"पेटीत हाय," ते म्हणाले. "आता नुसतं बघतो. इतकी वर्सं बघायचंच ऱ्हायलं हुतं."

आमची गाडी सुटली तेव्हा सगळ्यांनी हात हलवले. ते हलवायला विसरले. रस्त्याच्या कडेला उभे राहून नुसते बघत होते.