डाव्या मोटरची तार

हैदराबादच्या काचीगुड्यातल्या डॉक्टर रघोत्तमरावांच्या दवाखान्याची पाटी उतरवली, तेव्हा शिडी मी धरली होती. हे गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिलं. पाटी का उतरवावी लागली — हे मात्र आजवर एकट्या मलाच ठाऊक आहे. माझ्या बायकोला नाही, आईला नाही, खुद्द डॉक्टरांना तर नाहीच. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? कदाचित तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून.

विमानापासून सुरुवात करतो. विमानाबद्दल बोलणं मला सोपं जातं — आणि सोपं असेल ते आधी करायचं, ही माझी जुनी खोड.

मी गौतम. मूळचा परभणीकडचा, राहतो तारनाक्याला, रेल्वेच्या कार्यालयात सिग्नलच्या वायरिंगचं काम बघतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी अक्कलदाढ काढायला डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांच्या खुर्चीवर आडवं पडलं की नजर छताकडे जाते, आणि छताला त्यांनी एक लाकडी विमान टांगलं होतं. दाढ निघाल्यावर, तोंडात कापूस, मी हातानेच विचारलं — उडतं का? म्हणाले, "उडतं म्हंजे? रविवारी ये, दाखवतो."

गेलो. आणि मग जातच राहिलो.

डॉक्टर माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. चार पिढ्या हैदराबादेत काढलेलं घर, त्यामुळे त्यांची मराठी वेगळीच — 'हो'ला 'हौ', 'नको'ला 'नक्को', 'हळू'ला 'हल्लू'. मी फोनवर 'जय भीम' म्हणालो की तेही तितक्याच सहजपणे 'जय भीम, गौतम' म्हणायचे. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणतो. पहिल्या महिन्यातच काकूंनी मला स्वयंपाकघरात बसवून जेवू घातलं होतं. हे सगळं का सांगतोय? कोणाशी वागलो ते कळावं, म्हणून.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही विमानं बांधायचो. रेडिओवर चालणारी — हातात रिमोटचा डबा, त्यावर दोन दांड्या, आणि वर आकाशात तुमचं विमान. लाकूडकाम डॉक्टरांचं. दातांच्या हत्यारांनी ते बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फळ्या इतक्या पातळ कोरायचे, की कागद झक मारेल. वायरिंग माझं. तशी वाटणीच होती.

दोन मोटरचं विमान ही त्यांची हौस. दोन मीटरचे पंख, दोन्ही पंखांवर एकेक मोटर. अशा विमानात एक अडचण असते. एकच मोटर बंद पडली, तर चालू असलेली मोटर विमानाला बंद मोटरीच्या बाजूला फिरवते, आणि वेग कमी असेल तर विमान त्याच बाजूला कलंडून खाली येतं. म्हणून दोन्ही मोटरी सारख्या चालल्या पाहिजेत. एवढंच लक्षात ठेवा.

वर्षभर ते विमान छान उडलं. मग मला वाटलं, ते अंगानं जड आहे, मोठ्या मोटरी लावू. डॉक्टर म्हणाले, चाललंय ते चालू दे. मी हट्ट धरला. हो, हट्ट माझाच. त्यांनी मोटरींची घरं नव्यानं कोरली, पंखाला आतून आधार दिला, मी मोटरी आणल्या. नव्या मोटरींच्या तारा आखूड पडत होत्या. प्रत्येक मोटरीला तीन तारा; म्हणजे सहा ठिकाणी जोड देऊन सोल्डर करायचं.

पाच जोड पक्के झाले. सहावा — डाव्या मोटरीचा, मधला — झाला नाही. तार जाड, माझं सोल्डरिंगचं यंत्र लहान, सोल्डरचा डाख वरच्यावर बसला, आत गेलाच नाही. ओढून बघितलं तर तार किंचित हलली.

हलली. मी पाहिलं. नोकरीत मी दुसरं करतो काय? जोड तपासतो. कच्चा जोड मला झोपेतही ओळखता येतो.

पण शनिवारची दुपार उलटून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या हौशी मंडळातले सगळे येणार होते, मी सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं. मोठं यंत्र ऑफिसात. मी त्या जोडावर काळी प्लास्टिकची नळी चढवली, गरम केली. नळी आवळून बसली. सहाही जोड बाहेरून सारखेच दिसायला लागले.

दारातून डॉक्टरांनी विचारलं, "सगळे जोड ओढून बघितलास ना?"

"हो, डॉक्टरसाहेब."

हा पहिला खोटा शब्द. पण हा नव्हे — ज्यासाठी मी बसलोय तो हा नव्हे. अजून यायचाय.

रविवारी सकाळी आम्ही शहराबाहेरच्या एका चेरुवूवर गेलो. चेरुवू म्हणजे तलाव. उन्हाळ्यात तो आटतो आणि मैदान होतं. मंडळातले पंधरा-वीस जण होते. काकू कधी यायच्या नाहीत. त्या दिवशी आल्या, कारण मीच म्हणालो होतो, या ना काकू, नवं रूप बघा. दहीपोह्यांचा डबा घेऊन त्या गाड्यांपाशी खुर्चीवर बसल्या. रिमोट डॉक्टरांच्या हातात. आमच्यात चांगलं उडवणारे तेच.

विमान उठलं ते असं, की लोकांनी शिट्ट्या मारल्या. तीन फेऱ्या झाल्या. मी जोड विसरून गेलो. खरंच विसरलो. माणूस इतक्या लवकर विसरू शकतो?

उतरवताना विमान जरा खाली आलं. डॉक्टरांनी परत वर न्यावं म्हणून दोन्ही मोटरींना जोर दिला. आणि डावा पंख खाली गेला. एकदम. हात सोडून दिल्यासारखा. विमान आडवं झालं, डावीकडे वळलं, गाड्यांकडे आलं. काकू बघायला उठून उभ्या राहिल्या होत्या.

आवाज लाकडाचा होता. वाळकी फांदी मोडावी तसा. पंख त्यांच्या मानेच्या आणि खांद्याच्या मधे लागला होता, आणि आवाज लाकडाचा होता की हाडाचा — मला आजही सांगता येत नाही.

आता ऐका. सगळे काकूंकडे धावले. डॉक्टर रिमोट टाकून धावले. त्यांच्या पायातली चप्पल मागे राहिली. आणि मी — मी विमानाकडे धावलो.

काकू जमिनीवर पडलेल्या, त्यांच्यापासून चार पावलांवर विमानाचे तुकडे, आणि मी गुडघ्यांवर बसून डावी मोटर शोधत होतो. सापडली. मधली तार नळीतून निसटून बाहेर आली होती. तिचं टोक स्वच्छ होतं. चकचकीत. सोल्डरचा कण नाही. मी आधी बॅटरी सुटी केली. मग मोटर उपटली, वेग सांभाळणारं सर्किट उपटलं, आणि दोन्ही पँटच्या खिशात घातलं. मोटर इतकी तापलेली होती, की मांडीला फोड आला.

हे मी केलं? मीच? कित्येकदा मी हे दुसऱ्याच कोणाचं म्हणून बघतो. वाकलेला एक माणूस, पाठ काकूंकडे.

पाठीवर थाप पडली. मंडळातले एक ज्येष्ठ म्हणाले, "शाब्बास मियाँ, दिमाग ठंडा रखे." त्यांना वाटलं, मी बॅटरीसाठी धावलो. ठेचलेली बॅटरी पेट घेते, गाड्यांना आग लागली असती — सगळ्यांना तसंच वाटलं. सगळे मला शाब्बास म्हणाले. काकूंना गाडीत घालताना त्यासुद्धा कण्हत कण्हत काहीतरी पुटपुटल्या. नंतर कळलं, त्या विचारत होत्या, गौतमला लागलं तर नाही ना.

काकूंचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. दोन तुकडे. ऑपरेशन करून धातूची पट्टी बसवावी लागली. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात डॉक्टर माझ्याशेजारी बसले. एका पायात चप्पल नव्हती. बराच वेळ ते आपला उजवा हात बघत होते — बोटं उघडत, मिटत. मग म्हणाले,

"गौतम, खरं सांग. डावी मोटर बंद पडली होती का रे?"

मोटर माझ्या खिशात होती. फोडावर दाबत होती.

"नाही, डॉक्टरसाहेब. दोन्ही चालू होत्या."

हाच तो.

किती सहज निघाला तोंडातून! मी स्वतःच दचकलो. साखर आहे का विचारल्यावर आहे म्हणावं, तसं.

त्यांनी मान हलवली. "हौ. म्हंजे हातच."

त्यांचा हात कधी कधी बारीक थरथरायचा, हे मला माहीत नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. काही विशेष नाही, वयाचं आहे, काम खुशाल करा, असं उत्तर मिळालं होतं. पण आता त्यांना वाटलं, त्या एका क्षणी हातानेच दगा दिला. कोणाच्या तरी फोनमध्ये चित्रण होतं. ते मी नंतर वीस वेळा पाहिलं — डाव्या मोटरीचा फिरता पंखा थांबलेला दिसतो का म्हणून. दिसत नाही. आभाळ कलतं आणि माणसं ओरडतात, एवढंच. मला हायसं वाटलं. हायसं!

महिन्याभरात त्यांनी दवाखाना बंद केला. मी नक्को म्हणालो. बघा तोंड माझं — म्हणालो, डॉक्टरसाहेब, एवढ्यावरून असं करू नका. ते म्हणाले, "ज्या हातानं बायकोचं हाड मोडलं, तो हात दुसऱ्याच्या तोंडात कसा घालू?" पस्तीस वर्षं चालवलेली खुर्ची कोण्या तरुण डॉक्टरांनी येऊन नेली. म्हातारे पेशंट दारापर्यंत येऊन परत जायचे. आणि ती मोटर? तिला काहीच झालं नव्हतं. मी ती माझ्या दुसऱ्या विमानाला लावली.

मी जाणं सोडलं नाही. दर रविवारी जायचो. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा. काकू दर वेळी म्हणायच्या, "तू होतास म्हणून आग लागली नाही." त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. केस त्यांना एकटीनं विंचरता येत नाहीत. एकदा मी लवकर पोचलो, तर डॉक्टर त्यांची वेणी घालत होते. भांग पाडला त्यांनी — कपाळापासून मागेपर्यंत, पट्टी ठेवून आखल्यासारखा. मी दारात उभा राहून त्यांचा हात बघितला. हात स्थिर होता. तेव्हा सांगायचं. त्याच क्षणी सांगायचं, नाही का? काकू म्हणाल्या, "ये, बस, चहा टाकते." मी बसलो. चहा प्यायलो.

आणि तरीही हे शेवटचं नाही. यापुढचं आठवलं की आजही धक्का बसतो. आधीच्या वेळी निदान घाबरलेलो तरी होतो.

या वर्षी मंडळानं सुरक्षिततेवर एक सभा ठेवली, कुकटपल्लीच्या एका हॉलमध्ये. नव्या मुलामुलींना कळावं म्हणून डॉक्टरांना बोलायला बोलावलं. त्यांनी चार पानं लिहिली आणि मला बोलावून घेतलं. "बघ, यात काही चुकलंय का. मशीनचं तुला जास्त समजतं."

मी वाचत गेलो. दुसऱ्या पानाच्या शेवटी एक ओळ होती — 'विमान ज्या तऱ्हेने वळले त्यावरून मला आजही कधी कधी वाटते, की डावी मोटर बंद पडली असावी.'

इतकी वर्षं. इतकी वर्षं हा माणूस, सगळा दोष अंगावर घेऊन, आत कुठेतरी बरोबर होता. त्यांच्या हातांना माहीत होतं. आणि समोर मी बसलो होतो, पेन माझ्या हातात, खोलीत आम्ही दोघेच.

मी म्हणालो, "ही ओळ काढू या, डॉक्टरसाहेब. पुरावा नाही. लोकांना वाटेल, सबब सांगताय."

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "हौ. खरंय तुझं. सबब नक्को."

ओळ मी खोडली. एकदा नाही, दोनदा रेघ मारली, वाचता येऊ नये अशी.

सभेला चाळीसेक माणसं होती. डॉक्टर उभे राहिले. चष्मा लावला. काकू पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. डॉक्टरांनी सगळं वाचलं — हात थकतात, थकले की कबूल करायला शिका, मी वेळेवर केलं नाही, त्याची शिक्षा माझ्या पत्नीला झाली. मागच्या रांगेत एक मुलगी रडत होती. वाचून संपल्यावर डॉक्टरांनी पानांची घडी घातली.

पहिली टाळी मी वाजवली.